सुभेदार सरांचा गेमचा तास

सुभेदार सर गेले.

शाळेच्या ग्रुपवर कालपर्यंत बायपासजवळचे प्लॉट विकले जात होते. आज सगळे हात जोडून उभे. त्यातले निम्मे सरांच्या गणितात नापास झालेले. मीही.

मध्य प्रदेशातलं देवास, नव्वदीचा शेवट, आठवी. फळ्यावरचं गणित आमच्या डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून सर दर शनिवारी आम्हाला कॉम्प्युटर लॅबमध्ये न्यायचे.

चपला बाहेर.

"गेम खेळायचा नाही. बनवायचा."

आमचा गेम असा: टेकरीवरचं माकड खालच्या लोकांवर नारळ फेकतं.

माझा नारळ वर गेला तो गेलाच.

"भिया, तेरा नारियल तो इंदौर पहुँच गया," शेजारचा विक्की म्हणाला.

सर म्हणाले, "दर सेकंदाला त्याचा वेग थोडा कमी कर. शून्याच्या खाली गेला की येईल परत."

आला.

सहावीपासून अडलेल्या ऋण संख्या मला त्या शनिवारी कळल्या.

पण पालकांनी तक्रार केली. प्रिन्सिपल म्हणाले, दसऱ्यानंतर स्वतः गेम बघतो, मग ठरवू हा तास ठेवायचा की नाही.

मध्ये खंडेनवमी आली. सरांचं घराणं जुनं, पण घरात तलवार उरली नव्हती. म्हणून लॅबची पूजा. मॉनिटरला हार, कीबोर्डवर अक्षता. मग सरांनी गेमची एकुलती एक फ्लॉपी घेतली, तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला हळदकुंकू लावलं.

"मेमरी आत असते ना रे."

फ्लॉपी पुन्हा कधी उघडली नाही.

सर एवढंच म्हणाले, "डोक्यात आहे ना? लिहा."

प्रिन्सिपल आले तेव्हा आम्ही अख्खा गेम फळ्यावर लिहून काढला होता. वेग, कोन, वजाबाक्या. साहेब खूश.

"देखा, सुभेदारजी? गेम बंद हुआ, तो बच्चे पढ़ने लगे!"

झालं. तास बंद.

निघताना त्यांनी मला विचारलं, "ये सब किसने सिखाया?"

सर तिथेच उभे होते, हातात डस्टर.

गेमचं नाव घेतलं तर मार बसेल असं वाटलं.

"ट्यूशन में, सर."

सुभेदार सरांनी फळा पुसला. अपूर्णांक शिकवायला घेतले.

नंतर किती वर्षं भेटत राहिले. बाजारात, लग्नांत. प्रत्येक वेळी "काय म्हणतोस?" विचारायचे. मी जगाला टोमणे मारून दाखवायचो, ते हसायचे. हे एक वाक्य काही निघालं नाही.

मला ट्यूशन कधीच नव्हती, सर.

तुम्ही शिकवलंत.

शेवटचा नमस्कार.