बंद दाराआड काकू

टाकीकाकांचं खरं नाव गाड्यांच्या तळावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टीला निघालेली माणसं ज्या गाड्यांत झोपतात, जेवतात आणि बाकीचंही सगळं उरकतात, त्या गाड्यांचे तुंबलेले संडास मोकळे करायचे, हा त्यांचा अकरा वर्षांचा धंदा. जोडीला काकू. काका गाडीखाली उताणे पडून टाकीच्या तोंडातून उलटं पाणी मारायचे. काकू वर, कपाटाएवढ्या संडासात, पायाने पॅडल दाबून झाकण उघडं धरायच्या आणि सळईने ढोसायच्या. पंपाच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून सळईचा पत्र्यावर एक ठोका म्हणजे पाणी सोडा, दोन म्हणजे बंद करा. दार मात्र आतून लावायचं. शिंतोडे बाहेर उडाले तर लोकांचा गालिचा कोण धुणार, असं काकांचं म्हणणं, आणि काका एकदा म्हणाले की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत.

एका दुपारी आलेल्या गाडीमालकाला काकांनी विचारलं, आत काही ओतलंय का. तो नाही म्हणाला. स्वतःच्या संडासाबद्दल खरं बोलायची लाज वाटते लोकांना; पठ्ठ्या बाटलीभर ब्लीच ओतून बसला होता. काकूंनी त्यावर नेहमीचं ॲसिड सोडलं, कडी घातली आणि एक ठोका दिला.

काकांनी पाणी सोडलं. पाणी वर पोचायची वेळ झाली, टळली, तरी पुढचे ठोके येईनात. त्यांनी पंप बंद करून खालून पान्याने ठोठावलं. वर सगळं शांत. मग टाकीच्या तोंडातून, ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की निघतो तो विषारी, घसा जाळणारा वास आला. काका गाडीखालून सरपटत निघाले. दार लावायला आपणच सांगितलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. श्वास रोखून त्यांनी पान्याने कडी उचकटली, तशा काकू त्यांच्या अंगावरच कोसळल्या.

डॉक्टरांनी काकूंना तीन दिवस ठेवून घेतलं. त्या तीन दिवसांत एरवी येताजाता विनोद करणाऱ्या काकांच्या तोंडून कुणी एकही विनोद ऐकला नाही.

पुढच्या कामाला काका म्हणाले, "आता आत मी. तू खाली." ॲसिडला कुणी हात लावला नाही, नुसतं पाणी मारायचं ठरलं. त्यांनी सवयीने दार ओढून कडी घातली. गुडघे भिंतीला टेकले, पायाखाली उघडं भोक, आणि दारापलीकडची दुनिया जणू संपलेली. एक ठोका दिला, आणि पाणी यायच्या आतच दोन. धडपडत बाहेर येऊन ते पायरीवर बसले.

"मला नाही जमत," ते गाडीखाली वाकून म्हणाले. "जीव जातो आत."

गाडीखालून काकूंनी नळी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"मलाही कधी जमलं नाही," त्या म्हणाल्या. "जात होते रोज."