बिकॉजच्या पुढचं

ताईला अभ्यासाची गोडी नव्हती म्हणून तिची शाळा सुटली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खोटं होतं. आज लेक इंग्रजीच्या गृहपाठात 'बिकॉज'ने वाक्यं जोडत होती आणि मला भाकरी थापता थापता हेच शिकवणारी ताई आठवली. "बिकॉजच्या पुढे खरं कारण लिही, गधड्या!" आई अंथरुणाला खिळली, तेव्हा घर सांभाळायला ताई थांबली. तिचं थांबणं हे कारण, माझं शिकणं हा परिणाम.

मी फोन केला. "ताई, तुझी शाळा माझ्यासाठी सुटली. चुकलो मी."

ती हसली. मग म्हणाली, "एवढं शिकवलं, इंग्रजीत लिहून पाठव की!"

मी लिहिलं, 'यू लेफ्ट स्कूल बिकॉज ऑफ मी. आय ॲम सॉरी, ताई.'