चार पावलं आणि वळण

आमचा टँगोचा वर्ग दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या एका सभागृहात भरतो. सर होते तेव्हाही पाचलाच भरायचा, आणि पाच म्हणजे पाच. सर इथल्या पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. तरुणपणी इथल्या एका रशियन इंजिनिअरने त्यांना हा नाच शिकवला, एवढंच ते सांगत. त्यापुढे कोणी विचारलं की म्हणत, "गोष्टी ऐकाले आला का नाचाले?"

टँगोत एक जण पुढे चालतो आणि नेतो. दुसरा त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर मागे मागे जातो. रिवाजाने पुरुष नेतो, बाई मागे जाते. मी दाखल झालो त्या वर्षी वर्गात बायका कमी होत्या. सरांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि मला बोलावलं.

"तू चूप राहतो. म्हणजे ऐकत असशील. तू बाईच्या बाजूचं शीक."

भिलाई-३ला रेल्वेत नोकरी करणारी एक ताई वर्गात सगळ्यांत जुनी. ती लगेच म्हणाली, "सर, सून पसंत आहे, पण पदर घे म्हणा तिले."

मी नऊ वर्षं मागे चाललो. वर्गाची सुरुवात नेहमी एकाच जुन्या रशियन गाण्याने व्हायची. सर मला घेऊन ते नाचून दाखवत, मग बाकीचे उठत. पुढे चालायला मी कधी शिकलोच नाही. गरज पडली नाही.

सरांचे दोन नियम होते. चूक झाली तरी सॉरी म्हणायचं नाही. आणि चार पावलं झाली की वळायचं. त्या सभागृहात लग्नाच्या पंगती बसतात, एवढं ते मोठं आहे. तरी आम्ही चार पावलांवर वळायचो. रायपूरहून एकदा पाहुणे नाचणारे आले होते. त्यांनी विचारलं, इतकी जागा रिकामी असताना तुम्ही एका कोपऱ्यातच का फिरता? सर म्हणाले, "आपली पद्धत आहे." आम्हाला त्या पद्धतीचा अभिमान होता.

गेल्या थंडीत सर गेले. तेरवी झाल्यावरच्या रविवारी त्यांच्या आठवणीसाठी वर्ग भरवायचं ठरलं. भाषण कोणालाच करायचं नव्हतं. ताईने सुचवलं, तेच गाणं लावू, आणि सगळ्यांत आधी मी सरांच्या पत्नीबरोबर नाचावं. काकू इतक्या वर्षांत एकदाही वर्गात आल्या नव्हत्या. मी म्हटलं, मला नेता येत नाही. ताई म्हणाली, "चार दिवस आहेत ना? शिकून घे. त्यांच्यासाठी एवढं नाही होणार तुझ्यानं?"

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करतो. शाळा सुटल्यावर तीन दिवस दोन कपाटांच्या मधल्या जागेत पुढे चालून पाहिलं. समोर कोणी नसतानाही माझेच पाय माझ्या पायांत येत होते. चौथ्या दिवशी नाद सोडला. सरांचं गाणं माझ्यामुळे सगळ्यांसमोर बिघडणार, हे मी धरूनच चाललो होतो.

रविवारी काकू पाचच्या आधी आल्या. खुर्चीवर सरांचा फोटो होता, खाली त्यांचे काळे बूट ठेवले होते. काकूंनी फोटोवरचा हार सरळ केला. ताई गाणं लावायला गेली तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन सांगून टाकलं.

"काकू, मले फक्त मागे जाता येते."

"मंग अडचण काय? मले फक्त समोर जाता येते."

काकूंनी सरांच्या फोटोकडे मान केली.

"बायकांचं शिकवाचं तर आधी सोताले याले पाह्यजे, म्हणत. घरी तेच बाई होऊन राहिले. मंग माणूस कोण होईन? स्वयंपाक आटोपला का रोज मीच न्यायची त्याहिले."

त्यांनी चपला काढून बुटांशेजारी ठेवल्या आणि उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. गाणं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार. वळणाच्या आधी त्यांचा हात जरासा हलका झाला. सरांचाही असाच व्हायचा. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळण.

"काकू, मागे खूप जागा आहे," मी हळूच म्हटलं.

"हो का?" काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आमच्या किचनात चार पावलांवर ओटा येते."

माझा पाय त्यांच्या पायावर पडला. सॉरी अगदी ओठांवर आलं होतं.

"चाल," काकू म्हणाल्या. आम्ही चाललो, गाणं संपेपर्यंत.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाकीचे उठले आणि जोड्या करून उभे राहिले. ताईने काकूंना विचारलं, "पुढच्या रविवारी याल ना? पाच वाजता."

"रविवारी मले भाजी आणाची असते," काकू म्हणाल्या. पण आल्या, पिशवीसकट. आता त्या येतात आणि मला नेतात.

परवा एक नवं जोडपं आलं. नवऱ्याने तोच प्रश्न विचारला, हॉल एवढा मोठा आहे, मग चारच पावलं का? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ताई म्हणाली, "पाचव्यावर ओटा आहे."