‘येतो’ म्हणणारे बेहेरे

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या कमलाकर बेहेऱ्यांना निवडणुकीला उभं राहिलेलं कुणी कधी पाहिलं नाही. पक्ष त्यांचा चिमुकला, ‘टाउन अँड कॉमन’ नावाचा. सगळे मिळून एका मिनीबसमध्ये मावतील. पण पत्रकं वाटणं, अर्जावर सह्या गोळा करणं, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीतून नेणं, हे सगळं वीस वर्षं त्यांनीच केलं. बिझनेस पार्कातली नोकरी सांभाळून या लष्कराच्या भाकऱ्या. उमेदवार फोटोत यायचे, बेहेरे फोटो काढायचे.

माणूस सज्जन, फक्त एक खोड होती. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आईनं शिकवलेलं ते इंग्रजीतही पाळत. कुणाच्याही दारातून निघताना म्हणायचे, “ओके, आय’ल कम!” गोरी माणसं जरा गोंधळायची आणि दार लावून घ्यायची. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. डोरीनबाईंचं मात्र बिघडलं.

चौदा नंबरच्या डोरीनबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. चार वर्षांपूर्वी, मतदानाच्या आदल्या दिवशी बेहेऱ्यांनी विचारलं, गाडी हवी का? शेजारीण नेणार आहे, असं त्या म्हणाल्या. बरं, म्हणून बेहेरे सवयीनं “आय’ल कम” म्हणून निघाले. बाईंनी शेजारणीला नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसल्या. बसल्या बसल्याच गेल्या. अंत्यविधीला शेजारणीनं हे सांगितलं, तेव्हा बेहेऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी बायकोलाही, श्यामलालाही, हे सांगितलं नाही.

घर तेव्हापासून बंद. आणि यंदा मतदानाच्या दिवशी, भर दुपारी, नागपूरहून नुकतीच आलेली, पक्षाच्या कामाला लागलेली वरदा मतदारांची यादी घेऊन परतली.

“काका, चौदा नंबरच्या आजी लिस्टवर नाहीयेत, पण कोट घालून बसल्यात. म्हणाल्या, ‘ही सेड ही’ल कम.’ तुमचंच नाव घेतलं. लिफ्ट द्यायची राहिली का?”

बेहेऱ्यांनी गाडीची किल्ली उचलली. “राहिली,” ते म्हणाले.

चौदा नंबरच्या दारावर फळ्या ठोकलेल्या होत्या. “डोरीन, आय हॅव कम,” ते दाराला म्हणाले. आपलं आपल्यालाच हसू येत होतं, तरी त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, थोडं थांबून लावलं आणि गाडी सुरू केली.

शेजारच्या सीटबेल्टचा बीप वाजायला लागला.

सीट रिकामी होती. गाडीत डांबराच्या गोळ्यांचा वास आला, कपाटातून काढलेल्या कोटाला येतो तसा. त्यांनी तो पट्टा ओढून लावला. बीप थांबला.

मतदान केंद्राच्या, म्हणजे चर्चच्या हॉलसमोर त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं. एकदा बाईंना पोचवलं की सुटलो, एवढंच त्यांच्या मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदा, आईची मनातल्या मनात माफी मागून, ते म्हणाले, “जातो मी, डोरीन. गुडबाय.”

अगदी कानापाशी, मायेनं उत्तर आलं, “आय’ल कम, डिअर.”

संध्याकाळी श्यामला घरी आल्या, तर बेहेरे कोट घालून दाराशी खुर्चीत बसलेले.

“अहो, कुठे निघालात?”

“कुठे नाही,” बेहेरे म्हणाले. “येते म्हणाल्यात. आता त्या निरोप घेत होत्या, की खरंच येणार आहेत, ते कसं कळायचं?”