पस्तीस भरलेला चौतिसा

चहा ओतलाच आहे, तर माझी फजिती ऐकूनच जा. दुसऱ्या कोणाची असती तर तिखटमीठ लावून सांगितली असती. माझीच आहे, म्हणून आहे तशी सांगतो.

मी गोंदियात बावीस वर्षं गणित शिकवतो. केशोरीला माझी मोठी साळी राहते, शांताबाई. शिक्षण चौथी, पण आवाज असा की हेडमास्तर उठून उभा राहील. गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून मी भेटायला गेलो. किलोभर पेरू नेले. तेवढंच करून परत आलो असतो तर किती बरं झालं असतं.

कप तोंडाला लावतो तोच वर्षाला कळा सुरू झाल्या. घरचे पुरुष शेतात धानाच्या मळणीवर. शांताबाईंनी फोन करून जीप बोलावली, पिशवी भरली, वर्षाला खुर्चीत बसवलं आणि काशाची थाळी माझ्यापुढे ठेवली.

"लेहा."

"काय लिहू?"

"चौतिसा."

आता चौतिसा म्हणजे काय? सोळा घरांचा चौकोन. त्यात एक ते सोळा आकडे असे बसवायचे, की आडवी ओळ घ्या, उभी घ्या, कोपऱ्यातून तिरपी घ्या, बेरीज चौतीसच. थाळीत हळदीच्या पाण्यानं तो काढायचा, अडलेल्या बाईला दाखवायचा, मग पाणी घालून धुवायचा आणि ते पाणी तिनं घोटभर प्यायचं. म्हणजे सुटका लवकर होते. या घरातली कुठलीही बाई त्याशिवाय दवाखान्याच्या गाडीत बसत नाही.

इतकी वर्षं हा चौतिसा माझी बायको काढायची. सुलभा. गप्पा मारता मारता आकडे भरायची, बेरीज करूनसुद्धा पाहायची नाही. मी मागे उभा राहून बेरजा तपासायचो आणि हसायचो. एकदाही चुकली नाही. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

"बाई, गाडी येईल आता," मी म्हणालो. "आकड्यांनी काही होत नसतं."

"नाही होत, तं कायले भेऊन राहिले? लेहा नं. तिचा हात गेला, आता तुमचाच हाय."

मी तुरीची काडी हळदीत बुडवली.

पद्धत मला तोंडपाठ. एक ते सोळा ओळीनं मनात मांडायचे आणि कोपऱ्यांतून जाणाऱ्या दोन ओळी तेवढ्या उलट भरायच्या. तीन मिनिटांचं काम. भरलं. आडव्या बेरजा केल्या. चारही चौतीस. मी थाळी उचलली.

"उभं पाह्यलं का जी?"

उभं पाहिलं. दुसरी ओळ तेहतीस, तिसरी पस्तीस.

चूक एवढीशीच होती. दुसऱ्या आडव्या ओळीत अकरा-दहाच्या जागी दहा-अकरा पडले होते. पण मागे वर्षा दातओठ खात होती आणि मला नेमके दिसले ते अगदी खालच्या ओळीतले चौदा-पंधरा. तेच बोटानं पुसले, त्यांची अदलाबदल केली. उभ्या ओळी जुळल्या. बाहेर हॉर्न वाजला.

"झालं," मी म्हणालो.

"कोपऱ्यातून?"

एका कोपऱ्यातून तेहतीस. दुसऱ्या कोपऱ्यातून पस्तीस.

जीपवाला दारात येऊन उभा राहिला. "चलो ना जी. काऊन थांबून राहिले?"

"मास्तरचं गणित बाकी हाय," शांताबाई म्हणाल्या.

"आजच? पेपर हाय का कोणाचा?"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं थाळी खाली ठेवली असती. मला वर्षाची काळजी नव्हती असं नाही. पण डोळ्यांसमोर तेहतीस दिसत असताना माझ्यानं उठवेना. मी तिसऱ्या आडव्या ओळीतले सात-सहा पुसले, बदलले. कोपरे जुळले, उभ्या ओळी पुन्हा बिघडल्या. तेहतीस आणि पस्तीस, जिथल्या तिथे.

"पस्तीस येतंय," मी पुटपुटत होतो. पुटपुटत होतो असं मला वाटत होतं. नंतर कळलं, ते रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. मनगटापर्यंत हळद, कपाळावर घाम, तो पुसला म्हणून कपाळावरही हळद. दारात शेजारच्या बाया जमल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "कळा कोणाले येऊन राहिल्या माय, पोरीले का मास्तराले?"

शेवटी वर्षाच उठली. माझ्या हातातून थाळी घेतली, तिच्यात पेलाभर पाणी ओतलं, सगळे आकडे एका हातानं कालवले आणि घोट घेतला.

"मावसाजी, टाइम संपला. पेपर जमा," असं म्हणाली आणि आपली पिशवी आपणच उचलून जीपकडे चालू लागली.

अर्जुनीच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई जाता जाता सहज म्हणाल्या, "पहिलटकरणीच्या मानानं लवकर झालं हो." बस, तेवढंच वाक्य शांताबाईंनी उचललं.

मला मात्र राहवेना. व्हरांड्यात त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "बाई, थाळी चुकीची होती. एका ओळीत पस्तीस झाले होते."

"मालूम हाय. तुम्हीच तं बोंबलून राहिले होते. चौतीस आईचे, एक लेकराचा. सुलभाले नाही सुचलं हे कधी."

हे सुलभानं ऐकायला हवं होतं. तेहतीसच्या ओळीबद्दल मी काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी शांताबाई शेजारणीला घेऊन गोंदियाला माझ्या दारात हजर. शेजारणीच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"तोच काढून द्या. पस्तीसवाला. कागदावर द्या, थाळीत आम्ही उतरवू."

आता घाई नव्हती, हॉर्न नव्हता. मी पेन घेतला आणि दोन मिनिटांत चौकोन भरला. शांताबाईंनी बोटांवर बेरजा केल्या. आडव्या, उभ्या, तिरप्या.

"सगळे चौतीस. मास्तर, हे चुकलं."

"बाई, हेच बरोबर आहे."

"मंग आमच्या वर्षाले काय खोटं देल्लं होतं?"

शेजारीण माझ्याकडे संशयानं पाहायला लागली. मी दुसरा कागद घेतला आणि बिघडवून दिला, तर आडवी ओळही बिघडली. "आडवं जुळत होतं त्या दिवशी," बाई म्हणाल्या. तिसऱ्या कागदावर कोपरा हुकला. चौथ्यावर पुन्हा सगळे चौतीस.

शांताबाईंनी माझ्या हातातून पेन घेतला आणि पहिला कागद पुढे ओढला. "इथं दहा पहिले होता, अकरा मंग. खालते पंधरा, मंग चौदा. नं हे सहा-सात." तीन ठिकाणी खोडून तीन ठिकाणी लिहिलं. मी बेरजा केल्या. आडव्या बरोबर, कोपरे बरोबर, तिसऱ्या उभ्या ओळीत पस्तीस. माझी सगळी चूक, एका आकड्याचाही फरक नाही.

"किती साल झाले जी शिकवून तुम्हाले?" शेजारणीनं विचारलं.

"बावीस."

शांताबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बरं, आता खालते सही करा. गणिताचे मास्तर म्हणून."

केली.