रुमालाच्या आधी अत्तर

आमच्या शेजारच्या चाचांइतका पाहुण्यांना घाबरणारा आणि पाहुण्यांवाचून न करमणारा माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा नसेल. औरंगाबादेत आमचा मोहल्ला चामडं कमावणाऱ्यांचा. शहरातले लोक लांबचा फेरा घेत, पण आमच्या गल्लीतून जात नसत. मकबरा पाहायला आलेल्या परगावच्या मंडळींना मात्र टांगेवाले मुद्दाम इकडे वळवत. मंडळी टांग्यातूनच आमचे कातडी भिजवायचे हौद बघायची, नाकाला रुमाल लावायची आणि जायची.

चाचा विहिरीच्या मोटा शिवायचे. टांग्याची घुंगरं वाजली की दाभण तसाच मोटेत खुपसून उठत, शेरवानी चढवत (तिची दोन बटणं माझ्या जन्माआधीच गेली होती) आणि अत्तराची पेटी घेऊन नाक्यावर उभे राहत. वऱ्हाडाला द्यावा तसा प्रत्येकाला वाळ्याच्या अत्तराचा फाया. "देख बेटा, त्यांचा रुमाल निघायच्या आधी आपलं अत्तर निघालं पायजे," हे त्यांनी मला लहानपणीच बजावलेलं. मग घरात चहाची वर्दी जाई. मोहल्ल्याच्या पाहुण्याला चहा चाचांच्याच घरचा, असा रिवाज त्यांनीच पाडला होता. तो चहा आजवर एकाही पाहुण्यानं घेतला नव्हता. कुणाला उशीर झालेला असे, कुणाला उपास. चाचा गार कप स्वतः उचलत आणि "बडे लोग, घाई असते," म्हणत. पण त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

मी वैजापूरला मास्तर झालो आणि आमचे हेडमास्तर आपणहून म्हणाले, तुमचं घर बघायचंय. मीच महिनाभर टाळाटाळ केली, मग चाचांचं काय सांगावं! त्यांनी तीनदा गल्ली झाडली आणि हेडमास्तर उतरताच एकाऐवजी दोन फाये दिले. हेडमास्तरांना नेमकं अत्तराचं वावडं. एक शिंक आली, मग दुसरी, मग मोजायची सोयच राहिली नाही, आणि शेवटी रुमाल निघाला. चाचांचा चेहरा पडला. हे अत्तरामुळं, असं मी कानात सांगितलं, तर म्हणाले, "तू आपला पोरगा. तू असंच म्हणणार." चहाची वर्दी काही गेली नाही. नकार ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं असावं.

हेडमास्तर डोळे पुसत हौद बघून आले, आमच्या ओट्यावर तासभर बसले आणि टांग्यात चढता चढता मला म्हणाले, "इथं चहा मिळत नाही का हो?"

चाचा धावले. साठीचा माणूस, शेरवानी सावरत स्वतः दूध आणायला गेला. कप इतका काठोकाठ भरला की देता देता अर्धा चहा बशीत. हेडमास्तरांनी आधी बशीतला घेतला, मग कपातला. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते. बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

पुढं मी सुट्टीत आलो की खुशालीच्या आधी त्यांचा प्रश्न असे, "बेटा, खरं सांग, पूरा कप घेतला होता ना?" मी दर वेळी हो म्हणायचो, आणि ते खरंच होतं. चाचांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. आता कुठं वाळ्याचा वास आला की वाटतं, त्या वेळी त्यांचा खांदा धरून मी त्यांना फिरवायला हवं होतं.