दत्तोपंतांचा मंजनाचा डबा

गिरगावातल्या आमच्या चाळीत किस्से साठायचे ते सकाळी, दात घासताना. सगळी बिऱ्हाडं राखुंडी घेऊन कठड्यापाशी उभी. तोंडं भरलेली, तरी गप्पा चालूच! त्यातले निम्मे किस्से माझ्या शेजारच्या दत्तोपंतांचे. फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. पानतंबाखूनं दात रंगलेले, आणि ते साहेबासारखे पांढरे व्हावेत ही हौस.

एकदा त्यांनी विलायती मंजनाचा डबा आणला. आठ दिवसांत दात मोत्यासारखे, असं वर छापलेलं. ते लावावं की नाही, हा प्रश्न मग साऱ्या चाळीचा झाला.

दत्तोपंतांच्या आईला शंका, आत हाडांची पूड असणार. प्रकरण भटजींकडे गेलं. भटजींनी डबा लांबूनच पाहिला. म्हणाले, "मंजन थुंकायचंच असतं ना? मग गिळू नका म्हणजे झालं."

*

मी सुचवलं, आधी पितळी तांब्यावर घासून बघा. तांब्या असा लखलखला की विचारू नका! दत्तोपंत खूश व्हायचे सोडून घाबरले. पितळेची ही गत, तर दाताचं काय उरणार? तीन दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही.

*

चौथ्या दिवशी तोड निघाली: एकाच दातावर प्रयोग. तो दात खरंच उजळला, आणि बाकीचे होते त्याहून पिवळे दिसायला लागले. साहेबानं विचारलं, "खोटा दात कधी बसवलास?"

*

पण दत्तोपंतांचा मंजनावर विश्वास बसला तो बसलाच. पुढं नवराबायकोचा फोटो काढायचं ठरलं. वहिनींचे दात काळेभोर. तेव्हा सवाष्ण बाई दातवण लावून दात काळे ठेवायची, आणि नवरा गेला की दातवण सुटायचं. दत्तोपंतांनी डबा त्यांच्यापुढं ठेवला. फोटोत बोळकं दिसेल, दातवण सोड, म्हणाले. वहिनी दोन दिवस दातवणच लावत राहिल्या. दत्तोपंत हट्टालाच पेटले.

आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये फळ्यांची भिंत. तिसऱ्या सकाळी मला वहिनींचा आवाज ऐकू आला, अगदी शांत. "दातवण सोडायची वेळ येऊ नये म्हणून रोज देवापुढं हात जोडते. आणि आता इकडूनच सोडायला सांगणं होतंय?"

पलीकडे डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी दत्तोपंत कचेरीतून उशिरा आले. वाट वाकडी करून भुलेश्वरच्या बाजारात गेले होते. हातात दातवणाची पुडी होती.